नागराज : दिल्लीची कथा, पुण्याची रेषा

१९८६ साली दिल्लीच्या बुराडी भागातल्या राजा पॉकेट बुक्स या प्रकाशनानं आपल्या राज कॉमिक्स मालेत 'नागराज' नावाचा अंक काढला. हिरव्या कातडीचा, अंगभर खवल्यांची नक्षी असलेला, भरदार छातीचा एक तरुण त्या अंकातून हिंदी वाचकांसमोर आला. त्याच्या मनगटांतून साप निघत, श्वासातून विष निघे, आणि तो चावला की समोरचा माणूस जिवंत राहत नसे. कथा परशुराम शर्मांची, संपादन मनीषचंद्र गुप्त यांचं. चित्रकाराच्या जागी नाव होतं प्रताप मुळीक.

भंडाऱ्यात, तुमसरात, साकोलीत हे अंक वाचणाऱ्या आम्हा पोरांना कथा तोंडपाठ असायची, पण चित्रकाराच्या नावावर नजर ठरत नसे. ठरली असती तर कळलं असतं, की दिल्लीहून हिंदीत येणाऱ्या या महानायकाचं शरीर एका मराठी माणसानं पुण्यात बसून घडवलं आहे. नागराजला आता चाळीस वर्षं होत आली. त्याच्या चाहत्यांनी त्याचा इतिहास हिंदीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिला. मराठी चित्रकलेच्या इतिहासात मात्र या पानांना अजून जागा मिळालेली नाही. मुळीकांच्या हातून जे घडलं ते एकट्या माणसाचं अकस्मात काम नव्हतं. त्यामागे मराठी चित्रकारांच्या दोन-तीन पिढ्यांची सवय होती, आणि ती मुंबई-पुण्याच्या छापखान्यांत रुजलेली होती.

बुरखाधारी, रात्री हिंडणारा, कायद्याच्या बाहेर राहून न्याय करणारा नायक मराठी वाचकाला नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं घराघरांत नेली. गावोगावच्या वाचनालयांत ही पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली. म्हणजे गोष्ट मराठीत होती. चित्रही होतं. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला आणि रघुवीर मुळगावकरांनी कॅलेंडरांपासून कादंबऱ्यांच्या वेष्टनांपर्यंत सगळीकडे आपला ब्रश फिरवला. देवाचं तेज, योद्ध्याचे स्नायू, नायिकेच्या पदराची चुणी कशी दिसावी, याचं शिक्षण मराठी मध्यमवर्गाला या दोघांनी दिलं. त्यांच्याही आधी लोणावळ्याजवळच्या मळवलीत रविवर्म्याचा छापखाना देवादिकांची रंगीत चित्रं छापत होता. पण मराठीत गोष्ट एकीकडे राहिली आणि चित्र दुसरीकडे, मुखपृष्ठावर. एका पानावर सहा-सात चौकटी आखून, चित्रानंच गोष्ट पुढे न्यायची ही कला आपल्याकडे बाहेरून आली, आणि तिच्यासोबत नायकही बाहेरचाच आला.

तो नायक म्हणजे वेताळ. अमेरिकेतल्या ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीतून त्याला जन्म दिला. जांभळा घट्ट पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, राहायला जंगलातली गुहा, सोबतीला घोडा आणि लांडगा. त्याला उडता येत नव्हतं, गोळी लागली तर रक्त येई. त्याची सगळी ताकद एका समजुतीवर उभी होती : बापानंतर मुलगा तोच पोशाख चढवतो, त्यामुळे जंगलातल्या माणसांना वाटतं की हा चारशे वर्षं जिवंत आहे. सुपरमॅन १९३८ च्या उन्हाळ्यात आला, म्हणजे वेताळ त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. घट्ट पोशाख आणि बुबुळं न दिसणारे मुखवट्यातले पांढरे डोळे हे पुढच्या सगळ्या महानायकांचं रूप आधी त्यानं वापरलं.

भारतात तो 'इलस्ट्रेटेड वीकली'मधून १९४०च्या दशकातच पोचला होता. पण त्याला स्वतंत्र पुस्तकाचं घर मिळालं ते मार्च १९६४ मध्ये, मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेव्हा. त्या वेळी टाइम्समध्ये अनंत पै नावाचा तरुण नोकरीला होता. असं सांगितलं जातं, की वरिष्ठांच्या डोक्यात सुपरमॅन होता आणि पैंनी वेताळाची बाजू घेतली. भारतातल्या लहान गावातल्या मुलाला गगनचुंबी इमारतींपेक्षा जंगल, टोळ्या आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेलं वचन जवळचं वाटेल, हा त्यांचा हिशेब. तो अचूक ठरला. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे निघाले, जादूगार मँड्रेक आणि बाकीची मंडळी त्यानंतर आली. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलं. इंग्रजी-हिंदीच्या जोडीला मराठीसह इतर भारतीय भाषांतही अंक निघू लागले.

फॉकच्या मूळ कथांमध्ये पूर्वेकडच्या देशांची जी सरमिसळ होती, ती भारतात छापताना जपून निस्तरावी लागली. सिंग नावाच्या चाच्यांचे सिंगा झाले, रामा नावाच्या खुन्याचा रामालू झाला, आणि वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली ठेवलं गेलं. संपादकांनी हे केलं नसतं तर पंजाबात किंवा अयोध्येच्या वाटेवर अंक विकणं अवघड झालं असतं. परदेशी नायक असा थोडा छाटून-शिवून आपल्या अंगाला बसवण्याचं काम बारा वर्षं चाललं. मग १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी देशी नायक लिहिला, बहादूर. डाकूचा मुलगा, त्याच्या बापाला ज्यानं मारलं त्या पोलीस अधिकाऱ्यानंच वाढवलेला, अंगात कुडता आणि खाली जीन्स. चित्रं पुन्हा ब्राह्मणियांचीच. बहादूर मला आजही मोठा वाटतो, कारण चंबळच्या खोऱ्यातलं खरं भय त्याच्या गोष्टींत होतं. पण त्याच्याजवळ अद्भुत शक्ती नव्हती. तो शूर माणूस होता, महानायक नव्हता.

अनंत पै तोवर टाइम्स सोडून इंडिया बुक हाउसकडे आले होते आणि १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू झाली होती. पहिली दहा पुस्तकं सिंड्रेलासारख्या पाश्चात्त्य परीकथांची होती, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. अकरावं पुस्तक 'कृष्ण', आणि त्याची चित्रं काढली राम वाईरकरांनी. इथून पुढे मराठी हात या मालेत भरभरून दिसतात. वाईरकर म्हणजे फास्टर फेणेला चेहरा देणारे आणि पुढे 'टिंकल'मध्ये सुप्पंडी रेखाटणारे. दिलीप कदमांनी १९८० च्या दशकात 'महाभारत' ही बेचाळीस भागांची माला चितारली. आणि प्रताप मुळीकांनी 'शिवाजी'. त्या पुस्तकाची संहिता भा. रा. भागवतांची. फास्टर फेणेचा जनक आणि नागराजचा भावी चित्रकार एका पुस्तकात एकत्र आले, तेही शिवचरित्रासाठी.

पुण्यात राहणाऱ्या मुळीकांच्या रेषेबद्दल इथे थांबून बोलायला हवं. कॉमिक्सचं पान त्या काळी असं तयार व्हायचं : लेखकाची संहिता चौकटींत विभागलेली, चित्रकार छापील आकाराहून मोठ्या कागदावर पेन्सिलीनं आखणी करणार, मग काळ्या शाईनं निबेनं किंवा ब्रशनं गिरवणार. संवादाचे फुगे सुलेखनकार हातानं भरणार. रंग वेगळे द्यायचे, छपाईला चार रंगांचे चार ठसे. कागद स्वस्त, शाई पातळ, एखादा ठसा केसभर सरकला की नायकाच्या ओठांचा लाल रंग गालावर. अशा छपाईत टिकते ती फक्त काळी रेष. रंग चुकला तरी चालेल, पण रेषेत शरीर उभं राहिलं पाहिजे. मुळीकांच्या चित्रांत ते राहतं. त्यांचा माणूस उभा असला की कुठल्या पायावर भार आहे ते कळतं. मान वळली की खांदा त्याप्रमाणे हलतो. घोडा उधळला तर स्वार मागे झुकलेला असतो. कपड्याच्या घड्या अंगाच्या उंचवट्यांवरून सरकतात. ब्रशचा टोकदार फटकारा सुरुवातीला बारीक, मधे जाड आणि शेवटी पुन्हा बारीक होत जातो, आणि त्या एका फटकाऱ्यात दंडाचा गोलावा येतो. ही समज प्रत्यक्ष माणूस समोर बसवून चित्रं काढल्याशिवाय येत नाही. हिंदी कॉमिक्सच्या बाजारात तेव्हा बहुतेक चित्रं सपाट, हातपाय काठीसारखे असलेली असत. त्यांच्याशेजारी मुळीकांचं पान ठेवलं की अंतर लहान मुलालाही दिसे.

नागराजच्या आधी मुळीकांनी आणखी एक महानायक काढला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमिताभ बच्चनच्या लोकप्रियतेला सीमा नव्हती. पम्मी बक्षी यांनी त्यालाच कॉमिक्सचा नायक करायचं ठरवलं. इंडिया बुक हाउसच्या स्टार कॉमिक्स मालेत 'सुप्रीमो' निघालं. संहितेवर गुलजारांचा हात, चित्रं मुळीकांची. गोष्टींत अमिताभ हा नट असतो, आणि संकट आलं की गुप्तपणे सुप्रीमो होतो : गुलाबी घट्ट पोशाख, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, सोबतीला ससाणा आणि डॉल्फिन. दोन वर्षांच्या आसपास ही माला चालली आणि थांबली. ती का थांबली हे समजायला अवघड नाही. जिवंत नटाला कागदावर बांधलं की तो कागदाचा राहत नाही. वाचकाला पडद्यावरचा अमिताभ दर शुक्रवारी भेटतच होता. पण चित्रकारासाठी ती मोठी तालीम ठरली. हिंदुस्थानी चेहरा आणि शरीर परदेशी घट्ट पोशाखात कसं शोभतं, उडी मारताना कसं ताणलं जातं, हे मुळीकांनी तिथे करून पाहिलं.

आता दिल्ली. तिथल्या आणि मेरठच्या पॉकेट बुक प्रकाशकांचं जग मुंबईच्या टाइम्सहून अगदी निराळं होतं. रेल्वे स्टेशनांवर आणि बसस्थानकांवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त कादंबऱ्या हा त्यांचा मूळ धंदा. प्राण यांच्या चाचा चौधरीनं डायमंड कॉमिक्सला जे यश मिळवून दिलं ते पाहून बाकीचे प्रकाशकही कॉमिक्समध्ये उतरले. राजकुमार गुप्ता यांच्या राजा पॉकेट बुक्सनं राज कॉमिक्स सुरू केलं. त्यांचे मुलगे संजय, मनोज आणि मनीष वयानं लहान, स्वतः कॉमिक्सचे वेडे. मुलांना काय हवं आहे हे घरातच कळत होतं. लेखक म्हणून परशुराम शर्मा मिळाले, रहस्यकादंबऱ्यांचे सराईत लेखक. दिल्लीत तेव्हा आतंकवाद हा शब्द रोजच्या बातम्यांत होता : १९८४ मध्ये पंतप्रधानांची हत्या, त्यानंतरच्या दंगली, १९८५ मध्ये कनिष्क विमानातला बॉम्बस्फोट. दुसरीकडे इच्छाधारी नागाच्या गोष्टी सिनेमात पुन्हा जोरात होत्या. श्रीदेवीचा 'नगीना' १९८६ मध्येच आला. शर्मांनी हे दोन्ही धागे एकत्र केले. नागराज जगभरच्या आतंकवाद्यांशी लढणारा नाग झाला.

त्या पहिल्या अंकाची गोष्ट अशी आहे. प्रोफेसर नागमणी नावाच्या दुष्ट शास्त्रज्ञानं नागराजला विकायला तयार केलं आहे. जगातले गुन्हेगार त्याची बोली लावायला जमले आहेत. प्रात्यक्षिक म्हणून त्याला एका मंदिरातली देवीची सोन्याची मूर्ती चोरायला पाठवलं जातं, आणि तो ती चोरतो. मंदिराचा राखणदार आहे तीनशे वर्षांचा योगी, बाबा गोरखनाथ. गोरखनाथ आपल्या काळ्या मुंगसाच्या, शिकांगीच्या मदतीनं नागराजला हरवतात, त्याचं मन वाचतात, आणि त्यांना समजतं की नागमणीनं याच्या डोक्यात एक कॅप्सूल बसवून त्याला गुलाम केलं आहे. ते कॅप्सूल काढतात. मोकळा झालेला नागराज त्यांचा शिष्य होतो आणि आतंकवाद संपवण्याची शपथ घेतो.

म्हणजे आपला हा महानायक पहिल्या भेटीत चोर आहे. विकाऊ हत्यार आहे. कोणाच्या तरी हातातलं खेळणं आहे. सुपरमॅन जन्मतः भला, बॅटमॅन आईबापांच्या खुनामुळे पेटलेला. नागराजला चांगुलपणा गुरूकडून मिळतो, पराभवातून मिळतो. ही घडण पाश्चात्त्य महानायकांची नाही, ती नाथपंथी आहे. मालू कवीच्या 'नवनाथ भक्तिसारा'ची पारायणं जिथे श्रावणात घरोघरी होतात, त्या महाराष्ट्रातल्या वाचकाला गोरखनाथ ओळखीचे होते. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ आणि गहिनीनाथांमार्फत त्यांच्यापर्यंतच जाते. हिंदी लेखकानं गोरखनाथ निवडले ते उत्तरेतल्या परंपरेतून, पण चित्रात उतरवले ते मराठी माणसानं. जटा, दाढी आणि भगवी वस्त्रं त्याच्या हाताला 'अमर चित्र कथे'मुळे सरावाची होती. पौराणिक पुस्तकांतला ऋषी आणि पाश्चात्त्य धाटणीचा महानायक एकाच चौकटीत उभे राहिले, आणि दोघंही एकाच जगातले वाटले. हे जमवणं लेखणीनं शक्य नव्हतं. ते चित्रानं जमवलं.

नागराजचं रूपही असंच. त्याच्या अंगाला कापड जवळजवळ नाहीच, कमरेला पट्टा आणि आखूड चड्डी. त्याचा हिरवा रंग आणि खवले हाच पोशाख. त्यामुळे प्रत्येक स्नायू दाखवावा लागे, आणि स्नायू चुकला तर लपवायला बाहीही नाही, झगाही नाही. शरीर पक्कं न जाणणाऱ्या चित्रकाराच्या हातात हा नायक दोन पानांत हास्यास्पद झाला असता. मुळीकांकडे तो दिमाखदार राहिला.

भंडारा जिल्ह्यात हा नागराज एवढा का रुजला, याचं कारण आमच्या इतिहासात आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडचा आणि मग मध्य प्रदेशचा भाग होता. राजधानी नागपूर, कारभारात हिंदी-मराठी दोन्ही. राज्य पुनर्रचनेत आम्ही मुंबई राज्यात आलो, पण सीमा कागदावर सरकली तरी बाजार सरकला नाही. तुमसरचा माणूस बालाघाटला सोयरीक करतो, गोंदियाचा माणूस घरात एक बोली बोलतो आणि दुकानात हिंदी. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं, मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन. नागराज आला त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचं सर्वांत मोठं पुस्तकांचं दार हे रेल्वेचं फलाट होतं, आणि त्या दारातून हिंदी येई. मराठी 'चांदोबा' आणि 'किशोर' घरी यायचे ते वडिलांच्या मर्जीनं. नागराज यायचा तो आमच्या मर्जीनं, भाड्यानं. पानठेल्याच्या बाजूला दोरीवर चिमट्यांनी अडकवलेले अंक असत. आठ आणे दिले की एक अंक तिथेच बाकावर बसून वाचायचा, घरी न्यायचा तर जास्त. वाचताना ठेलेवाल्याची नजर घड्याळावर. पानांचे कोपरे बोटांच्या घामानं काळे पडलेले, मधल्या पिना गंजलेल्या, आणि शेवटचं पान हमखास फाटलेलं, त्यामुळे शेवट काय झाला ते दुसऱ्या वाचकाला विचारायचं. झाडीबोलीत गोष्ट सांगायची, हिंदीत वाचायची आणि शाळेत मराठीत लिहायचं, यात कोणाला अडचण वाटली नाही.

आणि नाग आम्हाला परका नव्हताच. धानाच्या बांधीत काम करणाऱ्यांच्या या मुलखात साप हा रोजचा शेजारी. नागपंचमीला वारूळ पुजणारा माणूस भाद्रपदात त्याच सापाच्या भीतीनं कंदील घेऊन बांधावर जातो. त्याहून जुनी खूण पवनीत आहे. वैनगंगेच्या काठी पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे. बोधीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धांवर वादळपाऊस आला तेव्हा आपला फणा उघडून त्यांना झाकणारा हा नागांचा राजा. संहार करू शकणारा पण रक्षणासाठी उभा राहिलेला नाग, ही कल्पना आमच्या जिल्ह्यात दगडावर कोरलेली होती. शर्मांना किंवा मुळीकांना पवनी ठाऊक असण्याचं कारण नाही. पण वाचकाच्या मनात एखादी गोष्ट पटकन घर करते ती तिथली जमीन आधीच तयार असते म्हणून. भंडाऱ्यातल्या पोराला हिरवा नागराज खरा वाटायला फार प्रयास पडले नाहीत.

पहिल्या अंकानंतर मालेला गती आली. मधल्या काही अंकांची चित्रं संजय अष्टपुत्रे यांनी काढली, म्हणजे तेही मराठी नावच. मग मुळीक परतले आणि १९९५ च्या आसपासपर्यंत नागराज प्रामुख्यानं त्यांचाच राहिला. चंदू हे सहकारी त्यांच्या सोबत होते. या काळातला नागराज फिरता आहे. हाँगकाँगपासून आफ्रिकेच्या जंगलांपर्यंत तो देशोदेशी जातो आणि प्रत्येक ठिकाणी एका टोळीचा नायनाट करतो. गोष्टी सरळ, कधी कधी ओबडधोबड. खलनायक एकदा येतो आणि मरतो. नागराजला घर नाही, नोकरी नाही, प्रेम नाही. चित्रं काढून घेतली तर त्यातल्या काही कथा उभ्या राहणार नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे.

दरम्यान, एप्रिल १९८७ मध्ये राज कॉमिक्सनं अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आणला. त्याला कुठलीच अद्भुत शक्ती नाही, फक्त बुद्धी, सर्कशीतलं शिक्षण आणि मोटरसायकल. सिन्हा स्वतःच लिहीत आणि स्वतःच चित्र काढत, त्यामुळे चौकट आणि वाक्य एकमेकांत मिसळून जात. १९९५ च्या सुमारास नागराजही त्यांच्याकडे आला आणि त्याचं सगळं आयुष्यच बदललं. त्याला तक्षकनगरचं राजघराणं मिळालं, आईवडील मिळाले, नागपाशासारखा शत्रू घरातलाच निघाला, महानगर हे शहर मिळालं आणि टीव्ही वाहिनीत काम करणारा राज हे दुसरं रूप मिळालं. कथा म्हणून ही फार मोठी झेप होती, यात वाद नाही. पण शरीराच्या चित्रणात काहीतरी गेलं. सिन्हांचा नागराज चपळ आहे, चौकटी फोडून बाहेर येतो, पण त्याच्या पायाखाली जमीन असल्याचा भास कमी होतो. मुळीकांचा नागराज कमी बोलतो, कमी विचार करतो, आणि उभा राहिला की वजनदार दिसतो. दोघांपैकी एक निवडायचा झाला तर चित्र पाहताना मी मुळीकांकडे जातो आणि वाचायला बसलो की सिन्हांकडे.

लेखक होते, चित्रकार होते, वाचक होते, मग मराठीत असा नायक का उभा राहिला नाही? याला रंगीत छपाईचा हिशेब आडवा आला असं मला वाटतं. चार रंगांत बत्तीस पानं छापून ती पोराच्या खिशाला परवडेल अशा किमतीत द्यायची तर एकेका अंकाची छपाई प्रचंड संख्येत करावी लागते. हिंदीच्या प्रकाशकाला बिहारपासून राजस्थानपर्यंतची स्टेशनं आणि पॉकेट बुक्सच्या वितरकांची तयार साखळी हाताशी होती. टाइम्सनं आणि इंडिया बुक हाउसनं एकाच चित्रावर फक्त फुगे बदलून अनेक भाषा चालवल्या. मराठी प्रकाशकाजवळ यातलं काही नव्हतं. त्याची ताकद दिवाळी अंकात आणि वाचनालयांना जाणाऱ्या कादंबरीत होती, आणि तिथे चित्रकाराला मुखपृष्ठापलीकडे काम नव्हतं. त्यामुळे मराठी चित्रकार जिथे चौकटी मिळाल्या तिथे गेले : मुंबईत इंग्रजीतून निघणाऱ्या मालांकडे आणि दिल्लीच्या हिंदीकडे. काळापहाडला किंवा झुंजारला मुळीकांच्या तोलाचा चित्रकार शंभर अंक मिळाला असता तर आज मराठीतल्या नव्या चित्रकथाकारांना मागे वळून बघायला स्वतःची परंपरा असती. ती खंत खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

१९९० मध्ये इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलं. पुढच्या काही वर्षांत केबल आली, मुलांची संध्याकाळ टीव्हीनं घेतली, आणि भाड्यानं कॉमिक्स देणारे ठेले एकेक करत गुटखा आणि मग मोबाइलचे रिचार्ज विकू लागले. राज कॉमिक्स मात्र टिकलं. १९९० चं दशक तर त्याचं सर्वांत भरभराटीचं ठरलं; ध्रुव, डोगा, परमाणू या त्याच्या इतर नायकांसह नागराज त्या काळात शिखरावर होता. नंतर वेग मंदावला. अलीकडे कुटुंबात वाटणी झाली आणि संजय गुप्ता व मनोज गुप्ता यांची दोन वेगळी प्रकाशनं त्याच नायकांचे अंक काढू लागली. जुन्या अंकांची चांगल्या कागदावर पुनर्मुद्रणं निघत आहेत, आणि संग्राहक पहिल्या छपाईच्या फाटक्या प्रतींना भरपूर पैसे मोजतात.

प्रताप मुळीकांचे चिरंजीव मिलिंद मुळीक आज देशातले नामवंत जलरंगचित्रकार आहेत. त्यांची जलरंगाची पुस्तकं मराठी कलाविद्यार्थ्यांच्या टेबलावर हमखास असतात. वडिलांची कामगिरी त्या मानानं झाकलेली राहिली, कारण ती प्रदर्शनाच्या भिंतीवर लागली नाही, स्वस्त कागदावर छापली गेली. पुनर्मुद्रित अंक हाती आला तर पहिल्या पानावर नाव शोधा, आणि मग एखाद्या मारामारीच्या चौकटीत नागराजच्या मागच्या पायाकडे बघा. टाच उचललेली असते आणि सगळा भार पुढच्या चवड्यावर असतो, प्रत्येक वेळी बरोबर जागी.